बाजारातली कागाळी

सौंसरच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीला लागून एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली बाजाराच्या दिवशी शाळा भरायची असं सांगितलं तर बाहेरगावचा माणूस हसेल. हसू दे. ही शाळा पोरांची नव्हती, आईबापांची होती. मुलींचा छात्रावास, म्हणजे वसतिगृह, सांभाळणाऱ्या शांताबाई तिथं गोणपाट अंथरून बसत आणि मीठमिरची घ्यायला आलेले खेड्यापाड्यातले आईबाप आपापल्या पोरीचं कसं चाललंय ते ऐकून जात. शाळेनं रीतसर पालकांची सभा बोलावली की टेबलावर चादर, चादरीवर हार आणि समोर रिकाम्या खुर्च्या. रोजीनं जाणारा माणूस सभेसाठी दिवसाची मजुरी कशाला बुडवेल? बाजाराला मात्र तो येतोच. एवढी साधी गोष्ट शांताबाईंना कळली होती आणि वरच्या साहेब लोकांना काही केल्या कळत नव्हती.

इंदू शांताबाईंच्याच हाताखालून गेलेली. जामसांवलीच्या बाजूला एका खेड्यात तिचा बाप तुळशीराम दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राबायचा. शांताबाईंनी तिला सहावीत छात्रावासात आणलं. तिच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढल्या. सौंसर मध्यप्रदेशात, म्हणून पुस्तकं सगळी हिंदीत, आणि घरी तर कोणी हिंदीचं अक्षर बोलत नाही. म्हणून धडा आधी आपल्या बोलीत समजावायचा, मग हिंदीत वाचून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. तापात त्या उशाशी बसल्या. अकरावीच्या परीक्षेला त्यांनी आपलं घड्याळ काढून तिच्या मनगटाला बांधलं. छात्रावासाच्या भिंतीच्या आत शांताबाई आईच्या वरताण होत्या.

बाजारात मात्र त्यांच्या अंगात सासू शिरायची. तुळशीराम समोर येऊन उकिडवा बसायचा आणि टोपी हातात घेऊन विचारायचा, "कशी हाय जी आमची पोट्टी?" की बाईंचा आवाज चढलाच.

"कशी असन? डोकं नाही, हात नाही. भाकर थापते तर तवा रडते. हिसाब विचारला तर छताकडे पाहत राहते. अजून एक वर्ष ठेव बापा, पाहू काही जमते का."

हे सगळं इंदूच्या देखत. मिरचीवाले ऐकत, हळद विकणारी म्हातारी ऐकून कीव करी, आणि येणारेजाणारे वळून पाहत. इंदूला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती वर्गात पहिली येत होती आणि निकाल वाचून दाखवणाऱ्या शांताबाईच होत्या. मग बाजारात आल्यावर बाईंना काय होतं, हे त्या पोरीला उमगत नसे. एकदा छात्रावासाकडे परत जाताना तिनं धीर करून विचारलं, "बाई, मी खरंच ढ आहे का?" शांताबाईंनी तिच्याकडे पाहिलंदेखील नाही. खोलीत शिरता शिरता म्हणाल्या, "पुस्तक काढ."

खरं सांगायचं तर इंदू जी शिकली ती अर्धी बाईंच्या मायेनं आणि अर्धी त्या बाजारातल्या अपमानानं. एक दिवस बाई चार माणसांत आपल्याला चांगलं म्हणतील, या एका आशेवर तिनं अकरावी काढली, मास्तरकीचं ट्रेनिंग काढलं आणि त्याच शाळेत नोकरीला लागली. बाई काही म्हणाल्या नाहीत. निवृत्त होताना त्यांनी छात्रावासाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या, तेव्हाही एवढंच म्हणाल्या, "बाजार सोडू नको."

इंदूनं बाजार सोडला नाही. गोणपाटही तेच ठेवलं. पण मनाशी एक गाठ तिनं पक्की मारली होती, की आपल्या पोरींचा आपण कधी चारचौघांत असा पाणउतारा करणार नाही. जी चांगली तिला चांगली म्हणायचं, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं सांगताना जिवाला लागतं.

पुष्पा ही कवडूची थोरली. कवडू आणि त्याची बायको दोघंही शेतमजूर. कापूस वेचणीला जायचे, संत्र्याच्या तोडणीला जायचे, जिथं काम मिळेल तिथं जायचे. पुष्पा अकरावीला होती आणि इंदूचा तिच्यावर फार जीव होता. कारण साधं होतं, पोरगी जात्याच मास्तरीण होती. संध्याकाळी छात्रावासाच्या ओसरीवर ती लहान पोरींना घेऊन बसायची. गुणाकार समजला नाही तर चिंचोके मांडायची, चिंचोक्यानं नाही समजलं तर पोरींनाच ओळीनं उभं करायची. रागावणं नाही, ओरडणं नाही. इंदू दारात उभी राहून पाहायची आणि तिला वाटायचं, मी ट्रेनिंगला जाऊन जे शिकले ते ही पोट्टी आईच्या पोटातून शिकून आली आहे. मार्चमध्ये अकरावीचं बोर्ड, पास झाली की ट्रेनिंग, आणि मग कुठल्या तरी खेड्यातल्या पोरींचं नशीब उघडणार. दोघींनी मिळून हे सगळं ठरवून टाकलं होतं. पुष्पा तर लहान पोरींना आतापासूनच सांगायची, "मले बाई म्हणा."

भीती एकच होती. कवडू अधूनमधून म्हणायचा, "आता मोठी झाली बाई, किती दिवस शिकवू?" त्याचं मन वळवायचं, पोरगी किती मोलाची आहे हे त्याला पटवायचं, एवढंच इंदूच्या डोक्यात होतं.

त्र्याऐंशी साल सरत आलं होतं. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते आणि थंडी चांगली पडली होती. कवडू आला. जयभीम घालून समोर बसला. पुष्पा बाजूला उभी होती, तिच्या मागे तिची धाकटी बहीण सुनंदा बापाबरोबर आलेली.

"काय म्हणते बाई आमची पोरगी?"

इंदूला जणू याच प्रश्नाची वाट होती. ती भरभरून बोलली.

"कवडूभाऊ, अशी पोरगी माझ्या हाताखाली आली नाही. अभ्यासात पहिली, ते तर आहेच. पण तुम्हाला सांगते, स्वयंपाकीण आजारी होती तर साऱ्या छात्रावासाचं जेवण हिनं एकटीनं रांधलं. लहान पोरी हिच्याशिवाय जेवत नाहीत. तोंडून उलटा शब्द नाही, कधी कामाचा कंटाळा नाही. नशीब काढलं तुम्ही."

अभ्यासाचं कौतुक कवडूला कितपत कळेल, म्हणून तिनं स्वयंपाकाची जोड दिली. गड्याला त्याच्या भाषेत सांगावं, असं तिला वाटलं. पुष्पा लाजून पदराचं टोक पिळत होती. तिचा चेहरा नुसता उजळला होता. इंदूला आतून फार बरं वाटलं. बाजारात उभं राहून जे ऐकायला आपण तरसलो, ते निदान आपल्या पोरीला मिळालं.

शेजारी मिरची निवडत एक गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, मिरचीचं देठ मोडून वास घेत होते. हे भिवाजी, तिगावचे. सौंसरला लेकीच्या घरी आले होते. त्यांचा मुलगा रेल्वेत गँगमन होता आणि लग्नाचा होता.

आमच्याकडे बाजारात नुसती हळदमिरची विकत नाहीत. अर्ध्या सोयरिकी इथंच जमतात. कोणाची पोरगी डोक्यावर ओझं घेऊन सरळ चालते, कोणाची पोरगी भावाला ओरडते, हे सगळं लोक वांगी निवडता निवडता पाहून घेतात. इंदूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मास्तरीण काय बोलते हेही कोणी कान देऊन ऐकत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आईबापाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? आपली पोरगी सगळ्यांनाच सोन्याची. परक्या शिकलेल्या बाईनं बाजारात उभं राहून सांगितलं म्हणजे मग काही विचारायलाच नको.

पुढच्या बाजाराला कवडू आला तो हातात पेढ्यांची पुडी घेऊन. आल्याबरोबर वाकून नमस्कार करायला लागला. इंदू दचकून मागे सरली.

"तुमच्या तोंडानं झालं बाई. तिगावचा रिश्ता आला. पोरगा रेल्वेत हाय. हुंडा-मांगनं काहीच नाही म्हणते ते. म्हणते बाईनं सांगतलं तेच आम्हाले बस्स हाय."

"कवडूभाऊ, अवो मार्चमध्ये परीक्षा आहे तिची."

"हाव जी. पण त्यांची म्हातारी लय थकली. तिले नातसून पाह्याची हाय. माघातच उरकून टाकू म्हणते."

"थांबा म्हणा त्यांना. दोन महिने तर थांबा."

कवडूनं पुडी गोणपाटावर ठेवली आणि हात जोडले. "बाई, रेल्वेतला पोरगा आमच्यासारख्याच्या दारात परत येते का? मी उन्हात मेलो, तिची माय उन्हात मेली. पोरीले सावली भेटून राहिली, तं मी नाही कसं म्हणू?"

ट्रेनिंग, नोकरी, स्वतःचा पगार, हे सगळं इंदू बोलली, पण ते झाडावरचं होतं आणि गँगमन जावई हातात होता. कवडू मान हलवत ऐकत राहिला, आणि ऐकणं संपल्यावर म्हणाला, "पेढा तं घ्या बाई."

दुसऱ्या दिवशी इंदूनं रजा टाकली आणि पांढुर्ण्याची बस धरली. शांताबाई निवृत्तीनंतर सावरगावला भावाकडे राहत होत्या. जाम नदीचा पूल ओलांडला की सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत ज्या गोट्यांनी दोन्ही काठांची डोकी फुटतात, ते गोटे नदीत निमूट पडले होते. इंदूचं तिकडे लक्ष नव्हतं. बाई काहीतरी तोड काढतील, एवढाच विचार होता.

शांताबाई अंगणात उन्हाला बसून सुपात तूर निवडत होत्या. दम्यानं पार खंगल्या होत्या.

"आली का व? बस. तोंड असं कायले उतरलं?"

इंदूनं सगळं सांगितलं. सांगताना कवडूवर चिडली, तिगावच्या म्हातारीवर चिडली. शांताबाईंचा हात सुपात थांबला.

"तू काय म्हटलं होतं कवडूले? जसंच्या तसं सांग."

इंदूनं सांगितलं.

"बाजारात म्हटलं?"

"हो बाई. चांगलंच तर म्हटलं."

"स्वयंपाकाचंही बाजारात म्हटलं?"

"हो."

शांताबाईंनी सूप खाली ठेवलं. खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. इंदूनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या बापाले मी काय सांगत होती?"

इतक्या वर्षांनीही इंदूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझं डोकं नाही. हात नाही. भाकर थापते तर तवा रडते."

"अन् मी ते सांगत होती तेव्हा बाजूले कोण उभं राहत होतं, हे कधी पाह्यलं का?"

इंदूनं कुठून पाहिलं असणार? तिची मान सदा खाली असायची.

"एक होता, लेकासाठी पोरगी शोधून राहिला होता. दोन-तीन बाजार तुझ्यावर डोळा ठेवून होता. मी तवा रडवला, तो निघून गेला. मंग दुसरा आला, तोही गेला. तुझ्या बापाच्याही मनात बसलं का हिले कोणी घेत नाही, तं शिकू द्या. चूल विझू नये म्हणून निखाऱ्यावर राख लोटतो नं आपण? तसं करत होती व मी. तुलेच नाही, साऱ्या पोरींले. जेवढी पोरगी हुशार, तेवढी राख जास्त."

अंगणात कोंबड्या तूर टिपायला आल्या होत्या. त्यांना हाकलायचंही कोणाला सुचलं नाही. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याबरोबर रागही आला. एवढी वर्षं दाबून ठेवलेला राग.

"मग मला एकदा तरी सांगायचं होतं बाई! मी रात्ररात्र रडत होते. मला खरंच वाटायचं की मी ढ आहे. अजूनही कधी कधी वाटते."

"सांगतलं असतं तं तू हसली असती. तुझा बाप माझं ऐकत नव्हता, तुझं तोंड पाहत होता. तोंड खरंखुरं रडकं होतं, म्हणून त्याले पटलं. लहान पोरीले नाटक जमते का?"

"मग नोकरीला लागल्यावर? किल्ल्या दिल्या तेव्हा? तेव्हा तर सांगायचं."

शांताबाईंनी सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला.

"मले वाटलं, तुले समजलं असन. इतकी हुशार पोरगी. मी म्हटलं, इले का सांगायचं?"

इतकी हुशार पोरगी. हे शब्द ऐकायला इंदूनं अख्खं लहानपण खर्ची घातलं होतं. आणि ते आले ते अशा वेळी, की तिला ते कानावरही नको झाले. तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "आता काय करू? तिगावला जाऊन सांगू का, की पोरगी कामाची नाही?"

"चुकूनही नको. ठरलेलं लगन मोडलं तं पोरीले बट्टा लागते. मंग बाप शाळेत नाही ठेवत, जो भेटन त्याच्या पदरात टाकते. राख आधी लोटायची असते पोरी, आग दिसल्यावर नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "जाय तिगावले. परीक्षेपुरतं मागून पाह्य. देव माणसं असतील तं देतील."

भिवाजी खरोखरच देव माणूस निघाले, हेच तर दुःख. राक्षस असते तर इंदूनं भांडून घेतलं असतं. त्यांनी तिला खाटेवर बसवलं, सुनेनं द्यावा तसा मुलाकडून पाण्याचा तांब्या देवविला, चहा केला. म्हातारी आतल्या खोलीत कण्हत होती.

"बाई, आमच्या घरात शिकलेलं कोणीच नाही. म्हणूनच तं तुमचं बोलणं मनात भरलं. परीक्षेची कायची फिकर करता? लगन होऊ द्या, पोरगी परीक्षा इथून देईल. मी सोता बसमध्ये बसवून देईन सूनबाईले."

ते खोटं बोलत नव्हते. इंदूला ते कळत होतं, आणि म्हणूनच ती चहाचा कप खाली ठेवून उठली.

लग्न माघात लागलं. कवडूच्या अंगणात मांडव, समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, वंदना, हार. लहान पोरींना घेऊन इंदू आली होती. पोरी नव्या बांगड्यांवर खूश होत्या, आणि त्यातली एक अजून पुष्पाला "बाई" म्हणत होती. निरोपाच्या वेळी पुष्पा इंदूच्या गळ्यात पडली. इंदूला वाटलं, आता ही विचारणार, असं कसं होऊ दिलं म्हणून. पण पुष्पा हुंदके देत म्हणाली, "बाई, तुम्ही त्या दिवशी बाजारात माझं इतकं चांगलं बोलल्या नं, तसं मले जन्मात कोणी म्हटलं नाही. मी कधीच भुलणार नाही." इंदूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण लग्नाच्या मांडवात मास्तरणीनं तसं रडून कसं चालेल?

मार्चमध्ये पहिल्या पेपरला इंदू सकाळपासून केंद्राच्या फाटकाशी उभी होती. पुष्पासाठी तिनं नवा पेन आणला होता, आणि हातातलं घड्याळ काढून ठेवलं होतं. बस आली, माणसं उतरली, बस गेली. घंटा झाली. दुपारी तिगावहून भिवाजी स्वतः आले, उपरण्यानं तोंड पुसत. म्हातारी पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. घरात रांधायला दुसरं कोणी नव्हतं. "पुढच्या साली देईल बाई, शब्द देतो." पुढच्या साली काय होणार, हे इंदूला आणि बहुतेक भिवाजींनाही माहीत होतं. तिनं घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. उरलेल्या पेपरांना ती फाटकाशी गेली नाही.

त्या उन्हाळ्यात शांताबाई गेल्या. दम्यानंच गेल्या. इंदू सावरगावला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

जुलैत शाळा उघडली आणि इंदू पुन्हा कडुलिंबाखाली बसली. पहिल्याच बाजाराला तिच्या लक्षात आलं, की गोणपाटाभोवती माणसं वाढली आहेत. छात्रावासाच्या बाईनं शब्द टाकला आणि मजुराच्या पोरीला रेल्वेतला नवरा मिळाला, ही गोष्ट गावोगाव गेली होती. लग्नाच्या पोरांच्या आया मिरचीच्या ढिगाशी उभ्या राहून उगाच भाव करत होत्या आणि कान इकडे होते. मिरचीवाले खूश होते. आपली बसायची जागा काय होऊन बसली आहे हे इंदूला दिसलं.

तेवढ्यात कवडू आला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. बरोबर सुनंदा. आठवीत तालुक्यात पहिली आलेली, म्हणून इंदूनंच तिला नववीसाठी छात्रावासात घेतलं होतं. पोरीनं केस चापूनचोपून बांधले होते. ताईबद्दल बाई बाजारात काय बोलल्या होत्या ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि आज आपली पाळी आहे हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

कवडू मोठ्यानं म्हणाला, "बाई, पुष्पाचं तुम्ही बोलल्या अन् तिचं सोनं झालं. आता हिच्यासाठीबी दोन शबद बोला."

मिरचीच्या ढिगाशी भाव करणं थांबलं. सुनंदा मान वर करून इंदूकडे पाहत होती. तिचे डोळे पुष्पासारखेच होते. इंदूला सांगायचं होतं, की ही पोरगी गणित असं सोडवते की मलाच पुन्हा तपासावं लागतं. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

"हिच्यासाठी काय बोलू कवडूभाऊ?" तिचा आवाज चढला. तो तिचा आवाज नव्हता, शांताबाईंचा होता, तिला स्वतःलाच तसं ऐकू आलं. "डोकं नाही, हात नाही. तालुक्यात पहिली कशी आली कोण जाणे. भाकर थापते तर तवा रडते."

"पण पुष्पा तं..."

"पुष्पा पुष्पा होती. ही तिच्या नखाचीही नाही. अजून दोन-तीन वर्षं ठेवा, पाहू काही जमते का."

सुनंदाचं तोंड पाहता पाहता उतरलं. कवडूनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला पटलं. मिरचीच्या ढिगाशी उभ्या बायांपैकी एकीनं पिशवी उचलली, मग दुसरीनं. कवडू उठता उठता ओशाळून म्हणाला, "ठेवा बाप्पा मंग. घरी तरी काय करन?" त्यानं पोरीच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाही.

पोरगी वाचली होती. निदान या बाजारापुरती वाचली होती.

छात्रावासाकडे परतताना सुनंदा मागं मागं चालत राहिली. खोलीत आल्यावर ती दाराशीच थांबली. मग नाक ओढत तिनं विचारलं, "बाई, मी खरंच तशी आहे का?"

इंदूला वाटलं, हिला जवळ घ्यावं, सगळं सांगून टाकावं, पुष्पाचं, शांताबाईंचं, सगळंच. एक वाक्य पुरलं असतं. पण ते ऐकून ही हसली असती, आणि बाप पोरीचं तोंड पाहतो.

"पुस्तक काढ," इंदू म्हणाली.

सुनंदानं फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं आणि पुस्तक काढलं. इंदू तिच्याशेजारी बसली आणि धडा आधी आपल्या बोलीत समजावू लागली. पुढचा बाजार आठच दिवसांवर होता.